हातपाय धड आहेत, मग पाण्याचा घोट का उतरत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ५६ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी जुने. अकरा दिवसांपूर्वी पहाटे उठताना गरगरलं, उलट्या झाल्या आणि उजवीकडे झोक जाऊन ते पडले. जवळच्या दवाखान्यात कानाची चक्कर समजून इंजेक्शन दिलं. सीटी स्कॅन केला, तो ‘नॉर्मल’ आला. दुसऱ्या दिवशी आवाज घोगरा झाला, प्यायलेलं पाणी नाकातून परत आलं आणि उचकी लागली, ती चार दिवस थांबली नाही. मग एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या मेडुलाच्या उजव्या कडेला ९ मिलिमीटरचा ताजा इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग, दिसला. आता नाकातून पोटात अन्न नेणारी राईल्स ट्यूब आहे. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला गरम-गार कळत नाही, अंगाला मात्र ते डाव्या बाजूला कळत नाही. उजवी पापणी किंचित उतरलेली आहे. हातापायांत ताकद पूर्ण. नातेवाईक विचारतात, हातपाय चालतात तर हा कसला पॅरालिसिस? तुम्ही स्वतः बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहात, ब्रेनस्टेमच्या न्यूक्लिअसचा तक्ता परीक्षेसाठी पाठ केलेला आहे, आणि तरी वडिलांच्या खाटेशेजारी बसल्यावर त्या तक्त्यातलं काहीच जुळत नाही.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: एवढ्याशा डागाने इतकं सगळं कसं बिघडलं, उजवा चेहरा आणि डावं अंग असं उलटसुलट का, आणि वडील पुन्हा तोंडाने जेवतील का. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. त्या ९ मिलिमीटरमध्ये कोण राहतं आणि तिथून कोण ये-जा करतं, हे कळलं की तिन्हींची उत्तरं मिळतात. पाठ केलेल्या तक्त्यात नावं असतात, पत्ते नसतात. इथे पत्ते लागतात.

आधी माझ्या मर्यादा सांगतो. मी बावीस वर्षं न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करतोय, त्याआधी दोन वर्षं अ‍ॅनाटॉमीच्या विभागात शिकवत होतो. पण तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही आणि एमआरआयच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत. तुमचे डॉक्टर माझ्यापेक्षा वेगळं काही सांगत असतील, तर त्यांचं आधी ऐका.

शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला मस्तिष्कपुच्छ म्हणून शिकलो तोच हा मेडुला. वर मिडब्रेन, मध्ये पॉन्स, खाली मेडुला असा मिळून ब्रेनस्टेम होतो. सगळा मिळून अंगठ्याएवढा. त्यातला मेडुला जेमतेम ३ सेंटीमीटर लांब. आणि न्यूक्लिअस म्हणजे इथे पेशीतलं केंद्रक नव्हे. एकाच कामाच्या चेतापेशींनी एके जागी केलेली वस्ती, एवढाच त्याचा अर्थ. थेट मेंदूशी जोडलेल्या बारा क्रेनियल नर्व्हपैकी पहिल्या दोन सोडल्या तर बाकीच्या दहांच्या वस्त्या इथेच आहेत. अकराव्या नर्व्हची थोडी खाली मानेच्या मज्जारज्जूत उतरलेली आहे. शिवाय जाग, झोप, श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळणाऱ्या वस्त्या वेगळ्या. पॉन्समधला लोकस सेरुलिअस पाहा: त्याच्या पेशी हजारांत मोजाव्यात इतक्याच, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पोचतात. या वस्त्यांच्या मधून मेंदूकडून शरीराकडे आणि शरीराकडून मेंदूकडे जाणारे सगळे मोठे रस्ते जातात.

बोरघाट डोळ्यांसमोर आणा. मुंबई-पुण्याची रेल्वे, जुना रस्ता, एक्स्प्रेसवे, विजेच्या तारा, सगळं त्या एका चिंचोळ्या पट्ट्यातून जातं. तिथे छोटी दरड कोसळली तरी दोन शहरांचं सगळं अडतं. तेवढीच माती सपाट माळावर कोसळली तर एखाद्याचं वावर खराब होईल, पलीकडे कुणाला कळणारही नाही. मोठ्या मेंदूत कधीकधी ९ मिलिमीटरचा डाग असतो आणि माणसाला पत्ताही नसतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये तो सापडतो. मेडुला हा घाट आहे. तिथे डागाचा आकार विचारायचा नसतो, जागा विचारायची असते.

आता जागा. इथे थोडं गर्भात मागे जावं लागेल, कारण मी विद्यार्थ्यांना शिकवताना पाहिलंय, ही एक गोष्ट समजली की पाठांतर निम्म्याने कमी होतं. गर्भातली चेतासंस्था सुरुवातीला एक नळी असते. नळीच्या पोटाकडच्या अर्ध्या भागातून हालचालीच्या पेशी तयार होतात आणि पाठीकडच्या अर्ध्यातून संवेदनेच्या. मज्जारज्जूत ही मांडणी जन्मभर तशीच राहते. पण मेडुला आणि पॉन्सच्या पाठीमागे चौथं व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतली द्रवाने भरलेली एक पोकळी, पसरतं, आणि नळी पोथी उघडावी तशी मागून उघडते. पोथी उघडल्यावर शिवण मध्ये येते आणि पानांच्या कडा बाहेर जातात. तसंच हालचालीचे न्यूक्लिअस मध्यरेषेजवळ येतात आणि संवेदनेचे कडेला सरकतात. या दोहोंच्या मध्ये आतल्या अवयवांचं पाहणाऱ्या वस्त्या बसतात.

मध्यरेषेजवळ कोण राहतं? डोळे फिरवणारे तिसरा, चौथा, सहावा आणि जीभ हलवणारा बारावा. पण हालचालीचा आणखी एक गट आहे. चावणं, चेहऱ्याचे हावभाव, गिळणं, बोलणं यांचे स्नायू गर्भातल्या घशाच्या कमानींतून येतात, आणि त्यांचे न्यूक्लिअस म्हणजे पाचव्याचा मोटर, म्हणजे हालचालीचा, भाग, सातवा, नववा आणि दहावा. ते मध्यरेषा सोडून आत, कडेच्या बाजूला सरकलेले असतात. तुमच्या वडिलांच्या सगळ्या दुखण्याची किल्ली या सरकण्यात आहे. जीभ मध्यरेषेला, घसा कडेला. त्यांना जीभ बाहेर काढायला सांगा. ती सरळ येईल, कारण बाराव्या नर्व्हचा न्यूक्लिअस मध्ये आहे आणि डाग कडेला आहे. हातापायांना ताकद पोचवणारा पिरॅमिडचा रस्ताही मेडुलात पुढे, मध्यरेषेलगत असतो. तो वाचला म्हणून हातपाय धड आहेत. नातेवाइकांना एवढंच सांगा: पॅरालिसिस झालाय, पण हातापायाचा नाही, घशाचा झालाय.

आता घशाकडे येऊ. तिथला मुख्य न्यूक्लिअस म्हणजे न्यूक्लिअस अ‍ॅम्बिग्युअस. लॅटिनमध्ये अ‍ॅम्बिग्युअस म्हणजे संदिग्ध. नाव बरोबर आहे. मेडुलाच्या उंचीभर पसरलेला पेशींचा हा बारीक स्तंभ, आणि त्याच्या कडा स्पष्ट नाहीत. अ‍ॅनाटॉमीत असताना स्लाइडवर तो मुलांना दाखवायचा म्हणजे माझी परीक्षा असायची. शेजारचा ऑलिव्ह नावाचा न्यूक्लिअस सुरकुतलेल्या पिशवीसारखा पहिल्या नजरेत दिसतो, हा शोधावा लागतो. पण मऊ टाळू उचलणं, घशाच्या भिंती आवळणं, स्वरतंतू हलवणं, सगळं याच्याच पेशी नववी आणि दहावी नर्व्ह वापरून करतात. वडिलांना ‘आऽ’ म्हणायला सांगून टॉर्च मारलात तर उजवा टाळू लोंबलेला दिसेल आणि पडजीभ डावीकडे ओढली जाईल, कारण डावी बाजूच तेवढी ओढते आहे. उजवा स्वरतंतू हलत नाही म्हणून आवाज घोगरा आहे. टाळू नाकाची वाट नीट बंद करत नाही म्हणून पाणी नाकातून आलं.

तरीही एक शंका राहते आणि ती रास्त आहे. डाग उजव्या बाजूचा, डावा घसा शाबूत, मग अर्धं तरी गिळता यायला हवं. इथे दुसरा न्यूक्लिअस येतो, न्यूक्लिअस ट्रॅक्टस सॉलिटॅरियस. सातव्या, नवव्या आणि दहाव्या नर्व्हमधून येणारी चव, घशातून ‘घास आलाय’ ही वर्दी, रक्तवाहिन्यांतला दाब, हे सगळं तिथे येऊन पोचतं. गिळण्याचा क्रमही तिथेच ठरतो. घास घशात आल्यावर टाळू वर, श्वास बंद, स्वरयंत्र वर आणि पुढे, स्वरतंतू घट्ट, घशाच्या भिंतीची वरून खाली लाट, आणि शेवटी अन्ननलिकेच्या तोंडाचा कायम आवळलेला स्नायू सैल. हे सगळं सुमारे एका सेकंदात होतं, आणि क्रम चुकला तर घास श्वासनलिकेत जातो. क्रम सॉलिटॅरियस आणि त्याच्या आसपासच्या पेशी ठरवतात, अ‍ॅम्बिग्युअसच्या जवळच्या पेशी तो स्नायूंना वाटून देतात. उजवी आणि डावी अशा दोन जोड्या आहेत आणि त्या सतत एकमेकींशी बोलून काम करतात. एक जोडी अचानक गेली की दुसरीही काही काळ गोंधळते. म्हणून एका बाजूच्या डागाने आख्खा घसा बंद पडतो.

आणि म्हणूनच तो बहुतेकांमध्ये परत सुरू होतो. डावी जोडी मेलेली नाही, तिची साथ सुटली आहे. ती एकटीने क्रम चालवायला हळूहळू शिकते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. माझ्या प्रॅक्टिसमध्ये अशा रुग्णांपैकी बहुतेकांची नळी काही आठवड्यांत निघाली, थोड्यांना काही महिने लागले, आणि मोजक्यांना पोटातून नळी घालावी लागली. तुमचे वडील कोणत्या गटात बसतील हे मी इथून सांगू शकत नाही. डाग मेडुलाच्या वरच्या भागात आहे की खालच्या, हे त्यात येतं. वरच्या भागातले डाग गिळण्याला जास्त त्रास देतात. वय, साखर किती आटोक्यात आहे, न्यूमोनिया झाला की नाही आणि गिळण्याचे व्यायाम किती लवकर सुरू झाले, हेही त्यात येतं.

उजवा चेहरा आणि डावं अंग, याकडे आता वळतो. मला स्वतःला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. चेहऱ्याच्या वेदनेचे आणि तापमानाचे धागे पाचव्या नर्व्हने पॉन्समध्ये शिरतात, पण तिथे थांबत नाहीत. ते खाली वळतात आणि स्पायनल ट्रायजेमिनल न्यूक्लिअसमध्ये येतात. हा न्यूक्लिअस पॉन्सपासून मेडुलाच्या कडेने खाली मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागापर्यंत लांबलेला आहे. तिथे पेशी बदलल्यावरच हा निरोप बाजू ओलांडून वर जातो. म्हणजे मेडुलाच्या उजव्या कडेला उजव्या चेहऱ्याचा निरोप अजून ओलांडायचा असतो. अंगाचं वेगळं. डाव्या हातापायांच्या वेदनेचे आणि तापमानाचे धागे मज्जारज्जूत शिरताच ओलांडून उजवीकडे आलेले असतात आणि स्पायनोथॅलॅमिक रस्त्याने उजव्या कडेने वर निघालेले असतात. हे दोन रस्ते मेडुलाच्या कडेला एकमेकांना खेटून जातात. एकाने ओलांडलेलं नाही, दुसरा ओलांडून आलेला आहे. दरड दोघांवर एकदमच पडली.

आता गरम-गार सोडा, कापूस घ्या. कापसाचा स्पर्श त्यांना दोन्हीकडे बऱ्यापैकी कळेल. चेहऱ्याच्या हलक्या स्पर्शाचा मुख्य न्यूक्लिअस वर पॉन्समध्ये आहे आणि अंगाच्या स्पर्शाचा रस्ता मध्यरेषेजवळ, मीडियल लेम्निस्कसमधून जातो. दोन्ही डागाच्या बाहेर. स्पर्श कळतो पण चटका कळत नाही, हे ऐकून घरच्यांना रुग्ण काहीतरी बनाव करतोय असं वाटतं, आणि कधीकधी घाईत असलेल्या डॉक्टरांनाही. माझ्याकडे आलेले एक शेतकरी सांगायचे, “डॉक्टर, अंघोळीला बसलो की निम्मं अंग गरम पाण्यात आणि निम्मं विहिरीच्या पाण्यात.” घरी कुणी विश्वास ठेवत नव्हतं. मी तपासलं तर रेघ बरोबर छातीच्या मध्यावरून गेलेली. माणूस ठरवूनही असं चेहरा एका बाजूचा आणि अंग दुसऱ्या बाजूचं सोंग आणू शकणार नाही. ही तक्रार ऐकली की माझं बोट आपोआप मेडुलाच्या कडेवर जातं.

बाकीच्या लक्षणांचं लवकर सांगतो. गरगरणं आणि उलटी व्हेस्टिब्युलर न्यूक्लिअसमुळे. ते प्रत्येक बाजूला चार असतात, चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळाच्या कडेला. दोन्ही बाजू सतत एकमेकींना तोलून धरतात. उजवी गेली की तोल उजवीकडे जातो, कुणीतरी दंड धरून ओढल्यासारखा. काहींना पहिल्या तासांत आख्खी खोली आडवी झालेली दिसते. एका शिंपीकाकांना भिंतीवरचं घड्याळ जमिनीवर लोळलेलं दिसलं होतं आणि आपल्याला वेड लागलं असं वाटून ते दोन दिवस कुणाला बोलले नाहीत. वडिलांना असं काही झालं होतं का, विचारा. विचारल्याशिवाय रुग्ण सांगत नाहीत. शेजारून लहान मेंदूकडे जाणारा जाड रस्ता आहे, त्याच्यामुळे उजव्या हाताचा नेम चुकतो. उजवी पापणी उतरणं आणि बाहुली बारीक होणं, याला तिथला कुठलाच न्यूक्लिअस जबाबदार नाही. हायपोथॅलॅमसपासून खाली उतरणारा, पापणी आणि बाहुली सांभाळणारा सिम्पथेटिक रस्ता त्या कडेने जातो, तो तुटला. उचकी म्हणजे श्वासपटलाचा झटका आणि लगेच धाडकन बंद होणारं स्वरद्वार. या दोन्हींचं जोडकाम सॉलिटॅरियस, अ‍ॅम्बिग्युअस आणि श्वासाच्या पेशींच्या त्याच मोहल्ल्यात होतं.

म्हणजे तुमचा तक्ता असा वाचायचा: घसा आणि आवाज अ‍ॅम्बिग्युअस, गिळण्याचा क्रम सॉलिटॅरियस, उजवा चेहरा स्पायनल ट्रायजेमिनल, चक्कर व्हेस्टिब्युलर, आणि डावं अंग, पापणी, हाताचा नेम हे तिथून जाणारे रस्ते. जीभ, ताकद आणि स्पर्श मध्यरेषेला, म्हणून शाबूत.

हे सगळं एकत्र पहिल्यांदा नीट जुळवलं ते आडोल्फ वॉलनबर्ग या डॉक्टरांनी, डान्झिगमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये. १८९५ मध्ये त्यांनी एका रुग्णाची लक्षणं लिहिली आणि त्यावरून मेडुलात डाग नेमका कुठे असेल आणि कोणती रक्तवाहिनी बंद झाली असेल, हेही मांडलं. एमआरआय सोडा, क्ष-किरणांचा शोधही त्याच वर्षाच्या शेवटी लागला. पुढे तो रुग्ण वारल्यावर शवविच्छेदन झालं, आणि १९०१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की डाग सांगितलेल्या जागीच होता. तुमच्या वडिलांच्या फाइलवर ‘वॉलनबर्ग सिंड्रोम’ लिहिलं असेल तर ते हेच. लहान मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूला जाणारी, ज्याला आपण पायका म्हणतो ती रक्तवाहिनी याला जबाबदार असते असं बराच काळ मानलं गेलं. १९६१ मध्ये मिलर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बहुतेक वेळा तिच्या मुळाशी असलेली व्हर्टिब्रल आर्टरीच बंद झालेली असते. ही आर्टरी मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर येते.

हे मी इतकं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. मानेच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन झाला आहे का, हे डॉक्टरांना विचारा. वडिलांच्या वयात, मधुमेह-बीपी असताना, आर्टरीत चरबी साचून ती अरुंद होणं हे जास्त संभवतं. पण चक्कर येण्याआधी काही दिवस मानेच्या मागे उजवीकडे नवीनच दुखत होतं का? मानेला झटका बसला होता का? केस कापल्यावर न्हाव्याकडून मान कडकडा मोडून घ्यायची सवय आहे का? अशा झटक्याने व्हर्टिब्रल आर्टरीचा आतला पदर फाटू शकतो, आणि चाळिशीच्या आतबाहेरच्या माणसांत या आजाराचं ते एक महत्त्वाचं कारण आहे. उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. आणि कारण कोणतंही असो, मान मोडून घेणं आता कायमचं बंद.

पहिल्या दवाखान्यावरचा तुमचा राग समजतो. सीटी स्कॅन मेंदूतला रक्तस्राव चांगला दाखवतो, पण कवटीच्या मागच्या तळाशी हाडं इतकी जाड आहेत की तिथला छोटा ताजा डाग त्यात बहुधा दिसत नाही. एमआरआयसुद्धा पहिल्या दिवशी फसवू शकतो. २००९ मध्ये काट्टाह, न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुरुवातीच्या ४८ तासांत काढलेल्या काही एमआरआयमध्ये स्ट्रोक दिसला नव्हता, पण डोळ्यांच्या हालचालींच्या तीन साध्या तपासण्यांनी तो ओळखता आला होता. माझ्याकडूनही हे झालंय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत चक्कर घेऊन आलेल्या एका बाईंना मी कानाचं म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना गिळता येत नव्हतं. ती चूक मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून चक्करच्या प्रत्येक रुग्णाला मी आधाराशिवाय उभं करून चार पावलं चालवतो आणि त्याच्याशी दोन मिनिटं बोलून आवाज ऐकतो. ज्याला आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता येत नाही, ज्याचा आवाज बदललाय, ज्याला ठसका लागतोय, त्याची चक्कर कानाची आहे असं मी समजत नाही.

श्वासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. श्वासाचा ताल निर्माण करणाऱ्या पेशींचा समूह, प्री-बॉटझिंगर कॉम्प्लेक्स, न्यूक्लिअस अ‍ॅम्बिग्युअसला लागूनच आहे. त्याचं नाव १९९१ मध्ये पडलं. हाही दोन्ही बाजूंना असतो, म्हणून एका बाजूच्या छोट्या डागाने श्वास सहसा थांबत नाही. तरी रात्री झोपेत श्वासात मोठे खंड पडतात का, खूप घोरतात का, दिवसा गुंगीत असतात का, याकडे लक्ष ठेवा आणि तसं वाटलं तर लगेच वॉर्डमध्ये सांगा. सॉलिटॅरियसकडे रक्तदाबाची वर्दी येते म्हणून उठताना बीपी अचानक उतरू शकतं. आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा, मग उभं करा. डागाबरोबर लहान मेंदूचाही भाग गेलाय का, हे रिपोर्टमध्ये पाहा. तो मोठा असेल तर सूज येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत असतो. अकरा दिवस गेलेत, म्हणजे तो टप्पा बहुधा मागे पडला आहे.

गिळण्याबाबत मात्र कडक राहा. तोंडाने काहीही नाही: चमचाभर चहा नाही, औषधाची गोळी नाही, तीर्थही नाही. मी एका रुग्णाला गमावता गमावता वाचवलंय. मुलाने मायेने दोन घोट चहा पाजला होता, ठसका लागला नाही म्हणून सगळे खूश होते. तीन दिवसांनी न्यूमोनिया झाला. घशाची संवेदना कमी असेल तर घोट श्वासनलिकेत उतरतो आणि ठसकाही लागत नाही. ट्यूबमधून अन्न देताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास त्यांना बसतं ठेवा. तोंडाने खात नाहीत म्हणून दात घासणं सोडू नका. तोंडातले जंतूच फुप्फुसात उतरतात.

स्पीच अँड स्वॅलो थेरपिस्टकडून तपासणी करून घ्या. जमत असेल तर नाकातून दुर्बीण घालून किंवा बेरियम पाजून व्हिडिओ एक्स-रेवर गिळणं पाहतात. या आजारात हे पाहणं विशेष महत्त्वाचं आहे, कारण नेमकं काय अडतंय ते रुग्णागणिक वेगळं असतं. कुणाची घशाची भिंत ढिली असते, कुणाचं अन्ननलिकेचं तोंड उघडत नाही. इतर स्ट्रोकमध्ये पातळापेक्षा दाट पदार्थ सुरक्षित असा सर्वसाधारण नियम आहे. इथे अन्ननलिकेचं तोंडच अडलेलं असेल तर दाट घास घशात साठून राहतो. डोकं उजवीकडे, म्हणजे दुबळ्या बाजूकडे वळवून गिळलं की घास धडधाकट डाव्या बाजूने उतरतो, ही युक्ती बऱ्याच जणांना उपयोगी पडते. तुम्ही बीपीटीचे आहात म्हणून करून पाहण्याचा मोह होईल. व्हिडिओवर ती युक्ती चालतेय हे दिसल्यावरच करा. राईल्स ट्यूब तीन-चार आठवड्यांच्या पुढे लागेल असं दिसलं तर पोटातून नळी घालण्याचा विषय डॉक्टर काढतील. त्याला घाबरू नका, ती काढताही येते.

अभ्यासासाठी एक सांगतो. पीटर गेट्स या ऑस्ट्रेलियन न्यूरॉलॉजिस्टनी २००५ मध्ये ‘रूल ऑफ फोर’ मांडला, तो जरूर वाचा. मध्यरेषेला चार गोष्टी, कडेला चार, मेडुलात चार नर्व्ह, पॉन्समध्ये चार, त्याच्या वर चार. त्यातली मला आवडणारी खूण: १ आणि २ सोडा, मग ज्या आकड्यांनी १२ ला पूर्ण भाग जातो आणि जे नर्व्हचे क्रमांक मोटर आहेत, ते ३, ४, ६ आणि १२. हेच चार मध्यरेषेला असतात. वडिलांच्या बाबतीत यातलं काय खरं ठरतंय ते त्यांच्याच खाटेशेजारी तपासा, त्यांची परवानगी घेऊन आणि त्यांना दमवू न देता.

घरी नेल्यावर एक काळजी कायमची. गरम-गारची जाणीव गिळण्याच्या आणि तोल सावरण्याच्या बऱ्याच नंतर येते, कधी पूर्ण येतही नाही. अंघोळीच्या बादलीत हात घालून पाहायचा तो उजवा, डावा नाही. चहाचा कप डाव्या हातात नको, शेकण्याची पिशवी डाव्या पायाला नको. मधुमेह आहे, भाजलेलं लवकर भरणार नाही. दाढी करताना उजव्या गालाकडे आरशात पाहूनच. उजव्या डोळ्याला कचरा गेलेलाही कळणार नाही कदाचित, तेव्हा डोळा लाल झाला तर त्याच दिवशी दाखवा. आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्या बधिर गालावर, डोळ्याभोवती किंवा डाव्या हातापायात जळजळ, मिरची चोळल्यासारखी आग सुरू झाली, तर तो बहुतेक वेळा नवा स्ट्रोक नसतो. तुटलेल्या रस्त्याचं ते दुखणं आहे, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी ते जात नाही, त्याची औषधं वेगळी आहेत. सहन करत बसू देऊ नका, न्यूरॉलॉजिस्टला सांगा. मात्र अचानक नवी चक्कर, दोन-दोन दिसणं, हात किंवा पाय लुळा पडणं, गुंगी, यातलं काही झालं तर वाट न पाहता जिथे एमआरआय आणि न्यूरॉलॉजिस्ट दोन्ही आहेत अशाच इस्पितळात न्या.